थॉम्पसन सीडलेस: वेलीचा स्वभाव ओळखून बागेची कामं कशी लावायची

महाराष्ट्रात पांढऱ्या द्राक्षाची बाग उभी करायची म्हटलं की आजही पहिलं नाव थॉम्पसनचंच निघतं. थॉम्पसन नसला तर त्यातूनच निघालेला एखादा वाण असतो. निर्यात, देशातली बाजारपेठ आणि बेदाणा या तिन्ही वाटा एकाच वाणाला मोकळ्या असल्यामुळे शेतकऱ्याला तो जवळचा वाटतो. पण हा वाण जेवढा देतो, तेवढाच मागतोही. बरेच जण शेजारच्या बागेचं किंवा मोबाईलवर आलेलं शेड्यूल जसंच्या तसं उचलतात आणि छाटणीनंतर कितव्या दिवशी काय मारायचं एवढंच बघतात. माझं मत असं की, आधी या वेलीच्या चार सवयी पक्क्या समजून घ्याव्यात. त्या कळल्या की प्रत्येक काम का करायचं आणि कधी टाळायचं हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

या वेलीच्या चार सवयी

हा वाण मुळात मध्य आणि पश्चिम आशियातला. तिकडे तो किशमिश किंवा सुलताना म्हणून ओळखला जातो. कॅलिफोर्नियात १८७० च्या दशकात विल्यम थॉम्पसन यांनी तो वाढवला आणि तेच नाव पुढे जगभर रूढ झालं.

पहिली सवय मण्याची. थॉम्पसनच्या फुलात परागीभवन होतं, बीजधारणाही होते, पण बीचा गर्भ लवकरच मरतो. मणी चावताना कधीकधी जो मऊ पांढरा ठिपका लागतो, तो त्या अर्धवट राहिलेल्या बीचा अंश असतो. बी असलेल्या द्राक्षात मणी फुगवणारी संजीवकं बीकडून मिळतात, थॉम्पसनला ती पुरेशी मिळत नाहीत. त्यामुळे काहीच न करता सोडलेल्या वेलीवर मणी दीड-दोन ग्रॅमचाच राहतो आणि घड गच्च भरतो. १८ मिलिमीटरचा मणी ही वाणाची देणगी नाही, तो आपण घडवायचा असतो. जीए (जिबरेलिक आम्ल हे मणी फुगवणारं संजीवक), विरळणी आणि पानांची संख्या या तिन्ही गोष्टी इथूनच येतात.

दुसरी सवय डोळ्यांची, आणि नवीन बागायतदार सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. थॉम्पसनच्या काडीवर बुडाकडचे पहिले दोन-तीन डोळे बहुतेक वांझ असतात. घड देणारे डोळे साधारण पाचव्यापासून आठव्यापर्यंत मिळतात. म्हणून ही बाग फळासाठी आखूड छाटून चालत नाही, काडी लांब ठेवावी लागते.

तिसरी, वाढीचा जोर. पाणी आणि नत्र सढळ मिळालं की वेल पानं आणि बगलफुटी काढत सुटते, मांडवात सावली दाटते आणि सावलीतला डोळा घड धरत नाही. दिसायला बाग हिरवीगार असते, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मात्र गोळी घड (नीट न वाढलेले घड) निघतात, नाहीतर घडाच्या जागी बाळी, म्हणजे वेलीचा आधार धरणारा तंतू, येतो.

चौथी, साल पातळ. खाणाऱ्याला हीच गोष्ट आवडते, कारण मणी दाताखाली कुरकुरीत लागतो आणि साल जाणवत नाही. पण याच पातळ सालीमुळे पावसात मणी तडकतो, हाताळणीत डाग पडतो. डाऊनी, भुरी आणि करपा या तिन्ही रोगांना हा वाण बळी पडतो, हेही धरून चालायचं.

कोणती निवड लावायची

तास-ए-गणेश हा सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात थॉम्पसनच्या बागेतून निवडलेला. मणी थोडा लांबट, गर घट्ट, जीएला प्रतिसाद चांगला. सोनाका हा सोलापूरजवळच्या नान्नजचा, बराच लांब मण्याचा. माणिक चमनही सोलापूरकडचाच, मणी लांब आणि नळीसारखा, पिकल्यावर पिवळसर झाक येते. क्लोन टू-ए ही कॅलिफोर्नियातून आलेली निवड. सुपर सोनाका, आरके, अनुष्का ही आणखी लांब मण्यांची नावं आता बाजारात सर्रास ऐकू येतात.

निवड करताना माल कुठे जाणार हे आधी ठरवा. युरोपच्या सुपरमार्केटला एकसारखा, हिरवट-दुधाळ रंगाचा, गोल-अंडाकृती मणी हवा असतो. तिथे थॉम्पसन, टू-ए आणि तास-ए-गणेश चालतात. देशातल्या बऱ्याच बाजारपेठांत लांब मण्याला पसंती असते, तिथे सोनाका आणि त्याच्या पुढच्या निवडी. बेदाण्याचा विचार असेल तर तास-ए-गणेश आणि थॉम्पसन यांना तोड नाही, असं मी म्हणेन. परदेशी कंपन्यांचे मालकी हक्काचे नवे पांढरे वाणही आता आले आहेत. त्यांत मणी मोठा करण्याची मजुरी कमी लागते, पण काडी परवान्याशिवाय लावता येत नाही. ओळखीतून मिळाली म्हणून काडी आणून भरू नका.

कलमासाठी डोळे आणायचे ते ज्या बागेचं पीक स्वतः दोन हंगाम पाहिलं आहे, त्याच बागेतून. आणि त्या बागेतल्या सरसकट काड्या घेऊ नका. चांगल्या वेलींना घड असतानाच रंगाची खूण करून ठेवा आणि फक्त त्यांच्याच काड्या आणा.

खुंट आणि लागवड

स्वमुळावरची बाग आता फारशी कोणी लावत नाही. पाण्याचा ताण आणि क्षार यांमुळे डॉगरिज आणि ११०-आर हे दोन खुंट (ज्यांच्या मुळांवर द्राक्षाचं कलम करतात ते वेल) आपल्याकडे रुळले. डॉगरिज जोरकस आहे. हलकी, मुरमाड जमीन आणि कमी पाणी असेल तिथे तो उपयोगी पडतो. पण भारी काळ्या जमिनीत डॉगरिजवर थॉम्पसन म्हणजे आधीच जोरकस वेलीला आणखी जोर. अशा ठिकाणी माझा कल ११०-आर कडे आहे. त्याची वाढ आटोक्यात राहते आणि काडीत घड धरायला मदत होते. लागवडीआधी माती आणि पाणी दोन्ही तपासा. पाण्यातलं सोडियम, क्लोराईड आणि जमिनीतला मुक्त चुना किती आहे, यावर खुंट ठरतो, गावात काय चालतं यावर नाही.

खुंटाची लागवड जानेवारी ते मार्चमध्ये करतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, खुंटाची काडी पेन्सिलीएवढी जाड आणि रसरशीत असताना पाचर कलम करायचं. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत रिकट (कलमाची वाढ पुन्हा खालून छाटणं) घेऊन खोड आणि ओलांडे (खोडाचे आडवे हात) तयार करायचे. पहिल्या ऑक्टोबरला माल धरण्याची घाई अनेकांना होते. ओलांडा पूर्ण पक्व झालेला नसेल तर त्या वर्षी माल कमी धरा. कोवळ्या वेलीवर पूर्ण माल घेतला की पुढची दोन-तीन वर्षं ती सावरत नाही.

वाय आकाराच्या मांडवाच्या पद्धतीत ९ बाय ५ फूट हे अंतर सोयीचं पडतं, एकरी साधारण ९६८ वेली बसतात. ओळी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन मिळतं.

खरड छाटणी: पुढच्या वर्षीचा माल इथे ठरतो

वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. ऑक्टोबर छाटणीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण घड तयार होतो तो एप्रिल छाटणीनंतरच्या ४० ते ६० दिवसांत, डोळ्याच्या आत, डोळ्यांना न दिसता. त्या काळात डोळ्यातल्या कोंबाला सूर्यप्रकाश आणि सायटोकायनिन हे संजीवक मिळालं तर त्याचा घड होतो. जिबरेलिन जास्त झालं, म्हणजेच वाढ जोरात राहिली, तर त्याचीच बाळी होते. थॉम्पसनमध्ये हा तोल लवकर ढळतो, कारण वाढीचा जोर त्याच्या अंगातच आहे. म्हणून या दोन महिन्यांत आपण जे काही करतो ते दोनच गोष्टींसाठी: डोळ्यावर ऊन पाडायचं आणि वाढीला योग्य वेळी लगाम घालायचा.

छाटणी मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत उरका. उशीर झाला तर घड बनण्याचा काळ जूनच्या ढगाळ हवेत जातो, आणि तो तोटा नंतर कुठल्याही फवारणीने भरून येत नाही. ओलांड्यावर एक डोळा ठेवून काड्या काढा. उन्हाच्या तडाख्यात फुटी मागे-पुढे निघतात. त्यासाठी ओलांड्यांवर दिवसातून दोन-तीनदा पाण्याची फवारणी करा, सकाळी आणि ऊन कलल्यावर.

फुटी पाच-सहा पानांच्या झाल्या की विरळणी. हिशेब सोपा आहे. ९ बाय ५ म्हणजे ४५ चौरस फूट जागा, आणि एका चौरस फुटाला अर्धी ते पाऊण काडी. म्हणजे वेलीवर २५ ते ३२ काड्या. यापेक्षा जास्त ठेवायचा मोह आवरा. दोन काड्यांच्या मधून जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत. दुपारी बाराला मांडवाखाली उभं राहून बघा. खाली सलग गर्द सावली असेल तर विरळणी झालेली नाही.

मग सबकेन, म्हणजे शेंडा खुडून काडीवरच बगलेतून दुसरी काडी घेणं. फूट नऊ-दहा पानांची झाली की सातव्या पानावर शेंडा खुडायचा. वरच्या बगलफुटी निघतात, त्यातली शेंड्याची एक ठेवून बाकी काढायच्या आणि तीही पाच पानांवर थांबवायची. शेंडा मारल्यावर काही दिवस वाढ थबकते आणि अन्न डोळ्यांकडे वळतं. सबकेन जिथून फुटते त्या गाठीजवळचे डोळे म्हणूनच सगळ्यात फळदायी असतात. कमी जोराच्या, हलक्या जमिनीतल्या बागेत सबकेन नाही केली तरी चालतं, सरळ काडी ठेवता येते. पण भारी जमिनीत आणि डॉगरिजवर सबकेन चुकवू नये.

एक गोष्ट इथे ठामपणे सांगतो. वाढ रोखण्यासाठी सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, हा जुना रामबाण समजला जायचा. २०१० साली याच रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि अनेक बागायतदार त्यात होरपळले. हे रसायन वेलीत दीर्घकाळ टिकतं. निर्यात करायची असेल तर त्याच्या नादी लागू नका. पाणी कमी करणं, नत्र थांबवणं, वेळेवर शेंडा मारणं आणि पालाशाची बाजू भक्कम ठेवणं यांनी तेच काम होतं. सायटोकायनिनसाठी सिक्स-बीए १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) फवारण्या आणि युरासिल हे पर्याय आहेत, पण ते सूर्यप्रकाशाची जागा घेत नाहीत.

छाटणीनंतर ४५ दिवसांच्या आसपास पाचव्या पानाचे देठ परीक्षणाला पाठवा. खतांवर होणाऱ्या खर्चापुढे ही तपासणी काहीच नाही. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये काडी बुडापासून चॉकलेटी होत जाते. पावसाळ्यात नवी शेंडावाढ सतत खुडत राहा, पानं डाऊनी आणि करप्यापासून राखा आणि एक टक्का बोर्डो मिश्रणाचा आधार घ्या. पान गळालं की काडी कच्ची राहते आणि कच्च्या काडीवरचा घड पुढे जिरतो. काडी आडवी कापून बघा: आतला गाभा तपकिरी आणि काडीची जाडी ८ ते १० मिलिमीटर असेल तर ती मालकाडी.

गोडी छाटणी

छाटणीच्या आधी पंधरा दिवस डोळे तपासून घ्या. बागेच्या वेगवेगळ्या भागांतल्या २०-२५ काड्या काढून प्रयोगशाळेत द्यायच्या. तिथे प्रत्येक डोळ्याचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. घड असलेल्या डोळ्यात मधल्या कोंबाच्या बाजूला एक छोटा, गाठीगाठींचा फुगवटा दिसतो, वांझ डोळ्यात नुसत्या पानांच्या घड्या दिसतात. एकदा तरी स्वतः त्या सूक्ष्मदर्शकातून बघा. कितव्या डोळ्यावर घड आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की छाटणीची कात्री कुठे लावायची हा वाद उरत नाही. साधारणपणे सबकेनला गाठीच्या पुढे एक-दोन डोळे राखून आणि सरळ काडीला सहा-आठ डोळ्यांवर छाटणी येते, पण अहवाल वेगळं सांगत असेल तर अहवालाप्रमाणेच करा.

पानगळ हाताने किंवा इथेफॉनच्या फवारणीने छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी करून घ्यावी. त्याने डोळे फुगायला लागतात. छाटणीनंतर २४ ते ४८ तासांत शेवटच्या दोन-तीन डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून लावायचा लेप. लिटरला ३० ते ४० मिली, काडीच्या जाडीप्रमाणे आणि थंडीप्रमाणे. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे यात तडजोड नको. आणि पेस्टिंग करणाऱ्या मजुराने आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस दारूला स्पर्श करायचा नाही, कारण या रसायनाबरोबर दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. ही गोष्ट प्रत्येक मजुराला समोर बसवून सांगा, मुकादमावर सोपवून मोकळे होऊ नका.

छाटणीची तारीख भागाप्रमाणे बदलते. सटाणा-बागलाण पट्ट्यात जुलै-ऑगस्टला छाटून आगाप माल घेतात. जोखीम मोठी, दरही तसाच. निफाड, दिंडोरीकडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा मुख्य काळ. पूर्ण बाग एकाच आठवड्यात छाटू नका. प्लॉट मागे-पुढे ठेवले तर एकाच पावसात सगळी बाग फुलोऱ्यात सापडत नाही.

घड घडवणं: जीए, विरळणी, पाकळ्या

डोळे नऊ-दहा दिवसांत फुटतात. पोंगा अवस्थेत, म्हणजे कोंब नुकता उमलताना, उडद्या भुंगा एका रात्रीत कोंब खाऊन टाकतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ बागेत फेरी हवीच. घड स्पष्ट दिसू लागले की फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या जादा फुटी, काढून टाका.

आता जीए. त्याची मात्रा ठरते अवस्थेवर. घडाचा रंग पोपटी झाला, फूट पाच पानांच्या पुढे गेली की १० पीपीएमची पहिली फवारणी, चार-पाच दिवसांनी १५ पीपीएमची दुसरी. या दोन्ही फवारण्या घड लांबवण्यासाठी. लांबलेल्या घडात पाकळ्यांमध्ये, म्हणजे घडाच्या बाजूच्या छोट्या फांद्यांमध्ये, जागा तयार होते आणि पुढची विरळणी सोपी जाते. छाटणीनंतर साधारण सतरा ते वीस दिवसांनी ही अवस्था येते, पण थंडी लवकर पडली तर तीच चार दिवस पुढे सरकते. नुसत्या तारखेवर फवारलं तर चुकीच्या अवस्थेतल्या घडावर जीए बसतं आणि घड वेडावाकडा होतो.

फुलोऱ्यात जीए देऊन फुलं गाळणं ही थॉम्पसनमधली जुनी युक्ती आहे. हवा स्वच्छ असेल तर ती मजुरी वाचवते. ढगाळ हवेत ती करू नका. फुलगळ आधीच चालू असते, त्यात भर पडली तर घडाचा सांगाडाच उरतो.

मणी बाजरीएवढा, म्हणजे ३-४ मिलिमीटरचा झाला की ४० पीपीएमचं पहिलं डिपिंग (घड द्रावणात बुडवणं). ज्वारीच्या पुढे, ६-७ मिलिमीटरला ३० ते ४० पीपीएमचं दुसरं. हे माप नजरेने न ठरवता व्हर्नियरने घ्या, प्लॉटच्या चार कोपऱ्यांतल्या आणि मधल्या घडांचं.

द्रावण करताना चुका होतात त्या अशा. जीएची पूड पाण्यात थेट विरघळत नाही. एका ग्रॅमला ३०-४० मिली अॅसिटोन घेऊन आधी पूर्ण विरघळवा. शुद्ध जीए एक ग्रॅम १०० लिटर पाण्यात म्हणजे १० पीपीएम. पाकिटावर ९० टक्के लिहिलं असेल तर १.१ ग्रॅम धरा. दुसरं, बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी असतं आणि त्यात जीए लवकर निकामी होतं. द्रावणाचा सामू साडेपाच ते साडेसहा हवा. सायट्रिक आम्ल किंवा युरिया फॉस्फेट थोडंथोडं टाकत सामूपट्टीने बघत जा. तिसरं, द्रावण सकाळी करून संध्याकाळपर्यंत वापरू नका. डिपिंग सकाळी दव सुकल्यावर आणि संध्याकाळी, कडक उन्हात नाही. घड ग्लासात पूर्ण बुडवून बाहेर काढला की हलकेच दोनदा झटकायचा. झटकलं नाही तर घडाच्या टोकाशी थेंब साठतो, तो वाळताना मात्रा तिथे वाढते आणि त्या मण्यांवर डाग उमटतो. मजूर घाईत असतात, त्यामुळे पहिला तासभर स्वतः ओळीत उभं राहिलेलं बरं.

सीपीपीयू (सायटोकायनिनसारखं एक संजीवक) १-२ पीपीएम वापरल्यास मणी फुगतो आणि साल जाड होते, हे खरं. पण मणी गोल होतो आणि साखर उशिरा भरते. वजनासाठी जास्त वापरणारे शेवटी गोडी न आलेला माल घेऊन बसतात. मी तर म्हणेन, आधी पानं आणि विरळणी नीट करा, मग उरलंसुरलं सीपीपीयूवर सोपवा.

विरळणीचं गणित कागदावर मांडून ठेवा. १८ मिलिमीटर जाडीचा, थोडा लांबट मणी साधारण चार ग्रॅमचा भरतो. शंभर मणी म्हणजे ४०० ग्रॅमचा घड. घडाला दहा पाकळ्या ठेवून प्रत्येकीवर दहाच्या आसपास मणी, की हिशेब जुळला. वरच्या पाकळ्या राखून मधल्या एकाआड एक काढायच्या आणि घडाचं शेपूट कापायचं. हे काम मणी ८ मिलिमीटर होण्याआधी संपलं पाहिजे. नंतर कात्री आत जात नाही आणि शेजारचे मणी टोचले जातात.

वेलीवर किती घड? निर्यातीसाठी २५-२८. २५ घड ४०० ग्रॅमचे म्हणजे वेलीला दहा किलो, एकरी नऊ ते दहा टन. चाळीस घड ठेवले तर टनेज वाढतं, पण मणी १६ मिलिमीटरवर अडतो आणि साखर लांबते. घडाच्या पुढे १५-१६ निरोगी पानं असतील तरच तो घड पोसला जातो. ज्या काडीवर आठच पानं आहेत तिच्यावरचा घड निर्दयपणे काढा.

गर्डलिंग करायचं असेल तर मणी ४-६ मिलिमीटरचा असताना, खोडावर दीड मिलिमीटरचं, फक्त साल काढणारं वलय. चाकू लाकडात गेला तर वेल कायमची दुबळी होते. जखम भरेपर्यंत मुळांना अन्न जात नाही, म्हणून अशक्त, कोवळ्या किंवा पाण्याचा ताण असलेल्या बागेत गर्डलिंग नको.

रोग आणि औषधांचे अंश

छाटणीपासून पहिले ५०-६० दिवस डाऊनीचे. पान ओलं किती तास राहतं यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून दाट बागेत कितीही फवारा, दाटी तशीच तर रोगही तसाच. फुलोऱ्यात घडावर डाऊनी आली तर तो घड वाचत नाही. पुढे हवा कोरडी आणि थंड झाली की भुरी. मणी वाटाण्याएवढा झाल्यावर घडाच्या आत औषध पोहोचत नाही, त्याआधीच भुरीचा बंदोबस्त झालेला असावा. मिलीबग खोडाच्या सुट्या सालीखाली दडतो. एप्रिलमध्ये साल काढून खोड धुतलं तर फळात त्याचा त्रास बराच घटतो.

निर्यातीच्या बागेची अपेडाच्या (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन व्यवस्थेवर नोंदणी लागते. ही व्यवस्था २००६ पासून आहे. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर हंगामात औषधांची यादी देतं. आपल्याकडे तिला अॅनेक्शर पाच म्हणतात. कोणतं औषध द्राक्षासाठी मान्य आहे आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं, हे त्यात असतं. दुकानदार काहीही सांगो, यादीत नसलेलं औषध टाकीत जाता कामा नये. आणि फवारणीची नोंदवही त्याच दिवशी लिहा.

पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत

मण्यात पाणी उतरायला लागलं की मणी मऊ पडतो, पारदर्शक दिसू लागतो. डिसेंबर-जानेवारीत दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की थॉम्पसन आणि तास-ए-गणेशमध्ये पिंक बेरी येते. मण्यावर गुलाबी झाक उमटते आणि निर्यातीचा माल बाद होतो. निफाडसारख्या भागात, जिथे पारा फार खाली जातो, पाणी उतरण्याआधीच घडाला कागद लावणं हा त्यावर उपाय. कागदाने उन्हाचे चट्टेही टळतात आणि रंग हिरवट-दुधाळ राहतो. देशी बाजारात अंबर रंग हवा असेल तर मात्र घडावर थोडं ऊन येऊ द्या.

पाणी या काळात एकसारखं ठेवा. आठवडाभर ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडलं की पातळ सालीचा मणी तडकतो. साखर वाढवण्यासाठी पाणी तोडायचं ते हळूहळू, शेवटच्या आठवड्यात. नत्र पाणी उतरल्यापासून बंद आणि पालाश चालू.

छाटणीपासून १२० ते १३५ दिवसांत माल तयार होतो. गोडी रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, घडाच्या वरच्या, मधल्या आणि टोकाच्या मण्यांचा रस एकत्र करून. टोकाचा मणी सगळ्यात शेवटी गोड होतो, नुसता वरचा मणी चाखून काढणी ठरवू नका. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) १६ च्या पुढे आणि आंबटपणा उतरलेला, असा माल काढा. काढणी पहाटेपासून सकाळी दहापर्यंत. घड देठाला धरूनच उचलायचा, मण्यावरची पांढरी मेणासारखी पूड पुसली गेली की ताजेपणा गेलाच म्हणून समजा. चार ते सहा तासांत माल प्रीकूलिंगला जाऊन ४ अंशांपर्यंत यायला हवा. पुढे शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत, पेटीत सल्फर डायऑक्साइडचा ग्रेपगार्ड टाकून तो ठेवतात.

दर पडले किंवा मणी लहान राहिला तर बेदाण्याची वाट आहे. पण त्यासाठी ब्रिक्स २२ च्या पुढे न्यावं लागतं, १७-१८ ब्रिक्सच्या मालाचा बेदाणा हलका आणि चपटा होतो. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड काही मिनिटं बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा पडतो. ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास आला की झाडणी करून गोळा करायचा.

माल निघाला की लगेच कात्री घेऊन खरड छाटणीला लागू नका. वेलीला तीन-चार आठवडे विसावा द्या. या काळात पानं हिरवी ठेवायची, हलकं पाणी सुरू ठेवायचं, शेणखत आणि स्फुरद ओलांड्याखालच्या चारीत घालून झाकायचं. या दिवसांत पानांनी तयार केलेलं अन्न मुळांत आणि खोडात साठतं, आणि खरड छाटणीनंतरच्या फुटी त्याच साठ्यावर निघतात.